रात्रपाळी, रात्रीची लाईट आणि मनगटावरचं घड्याळ : झोपेच्या प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर

परवा साखर कारखान्याची मोळी पडली, गाळप सुरू झालं. आता मार्चपर्यंत माझा दिवस तीन साच्यांत फिरणार : पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार. दर रविवारी पाळी बदलते. मी प्रयोगशाळेत शिफ्ट केमिस्ट. रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखरेचं प्रमाण), मळीची शुद्धता, बगॅसमध्ये म्हणजे उसाच्या चोथ्यात राहिलेली साखर, हे सगळं ठरल्या वेळी काढायचं आणि रजिस्टरला चढवायचं. साखरेचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या आमच्या खात्यात एकालाही हंगामात आपण किती तास झोपतो ते सांगता येत नाही. "झोप होत नाही" एवढंच सगळे म्हणतात. यंदा ते मोजायचं.

साहित्य : दोन-अडीच हजारांत मिळणारी दोन साधी घड्याळं. एक माझ्या हातावर, एक दादाच्या. दादा शेती बघतो. ऊस आणि थोडी द्राक्षबाग, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठची काळी जमीन. त्याचीही पाळीच आहे, फक्त ती वीज ठरवते : एक आठवडा दिवसा आठ तास थ्री-फेज, पुढचा आठवडा रात्रीची लाईट. माझं हजेरीपत्रक आणि फीडरचं, म्हणजे शेताला वीज देणाऱ्या वाहिनीचं, वेळापत्रक, एकाच घरात दोन्ही.

सोबत एक शंभर पानी वही. रकाने चार : आडवा कधी झालो, झोप अंदाजे कधी लागली, उठलो कधी, मध्ये काय झालं. घड्याळाकडे न बघता आधी वही भरायची, हा नियम. घड्याळाने झोपेला दिलेला स्कोअर एकदा दिसला की आपली झोप कशी झाली हे माणूस त्या आकड्यावरूनच ठरवायला लागतो.

८ नोव्हेंबर

घड्याळ मोजतं काय, ते आधी लिहून ठेवतो.

आत दोनच कामाच्या गोष्टी आहेत. एक ॲक्सिलरोमीटर, तीन दिशांची हालचाल टिपणारा. दुसरा पाठीमागचा हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो; दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. दिव्याशेजारचा फोटोडायोड ही चढउतार वाचून नाडी काढतो. याला पीपीजी म्हणतात. रक्तातल्या ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे वेगळे दिवे लागतात. त्या पद्धतीचं मूळ १९७० च्या दशकातल्या ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याच्या कामात आहे.

झोपेच्या अवस्था मात्र मेंदूवरून ठरतात. झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तारा, डोळ्यांच्या हालचालीसाठी वेगळ्या, हनुवटीच्या स्नायूसाठी वेगळ्या. मग तंत्रज्ञ रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव देतो : जाग, एन-१, एन-२, एन-३ म्हणजे गाढ झोप, आणि आरईएम. आरईएम ही पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात ती, ठळक स्वप्नांची झोप. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी तिच्यावरचा निबंध छापला. मनगटाला यातलं काहीही दिसत नाही. गाढ झोपेत नाडी संथ आणि एकसारखी चालते, आरईएममध्ये ती वरखाली होते पण हात ढिला पडलेला असतो. या आडवाटेने घड्याळ अवस्थेचा अंदाज बांधतं.

आमच्या साखरेच्या तक्त्यात बगॅस, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि मळी यांतली घट नमुने घेऊन मोजलेली असते. आणि जी कशातच सापडत नाही ती 'अनडिटरमाइन्ड लॉस' म्हणून वजाबाकीने येते. दोन्ही आकडे एकाच कागदावर दोन दशांशांपर्यंत छापलेले. पण त्यांच्यावर सारखाच भरवसा ठेवणारा केमिस्ट मी पाहिला नाही. पडद्यावर 'झोप ६ तास १० मिनिटं' आणि 'गाढ झोप ४८ मिनिटं' शेजारी शेजारी उमटतात, त्यातला दुसरा आकडा या वजाबाकीच्याच जातीचा.

१३ नोव्हेंबर

कच्चा डेटा हातात आला. घड्याळासोबतचं ॲप फक्त रंगीत पट्ट्या दाखवतं, त्या कशावरून काढल्या ते सांगत नाही. म्हणून गॅजेटब्रिज वापरलं. हे मुक्तस्रोत ॲप आहे, अँड्रॉइडवर चालतं, माहिती बाहेर कुठल्याही सर्व्हरला पाठवत नाही आणि सगळा साठा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये काढून देतं. जोडणीसाठी घड्याळाची किल्ली आधी मिळवावी लागते, तेवढीच खटपट.

फाइल उघडल्यावर दर मिनिटाला एक ओळ : वेळ, हालचालीची तीव्रता, पावलं, प्रकार, नाडी. वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, जागतिक वेळेनुसार. आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. नाडीच्या रकान्यात मध्येच २५५ दिसतं. ती नाडी नव्हे, 'वाचता आली नाही' याची खूण आहे. सरासरी काढण्याआधी त्या ओळी गाळायच्या. पट्टा सैल असला किंवा गारठ्याने मनगट थंड पडलं की २५५ वाढतात. पट्टा हाडाच्या गाठीपासून दोन बोटं वर आणि जरा आवळून बांधला की बरेच कमी होतात.

झोप आणि जाग वेगळी करायला १९९२ चं कोल-क्रिपके यांचं सूत्र घेतलं. जुनं आहे, पण उघडं आहे. प्रत्येक मिनिटासाठी त्याआधीची चार मिनिटं, ते मिनिट आणि पुढची दोन, अशा सातांच्या हालचालींना वेगवेगळं वजन देऊन बेरीज करायची. बेरीज ठरावीक मर्यादेखाली आली तर ते मिनिट झोपेचं. त्यातली वजनं वेगळ्या यंत्रासाठी काढलेली आहेत, त्यामुळे आपल्या घड्याळासाठी मोजपट्टी जुळवून घ्यावी लागते. वहीतल्या वेळांशी ताडून ती हळूहळू बसवतोय.

२० नोव्हेंबर

रात्रपाळीचा आठवडा. पहाटे चारला सुटका, पाचच्या आत अंथरुणात, दहाला डोळे टक्क उघडे. वही आणि घड्याळ दोघांचंही एकमत : सकाळची झोप पाच-सव्वापाच तासांच्या पुढे जात नाही. दमणूक असते, खोली अंधारी असते, घरातले दबक्या आवाजात बोलतात. तरी नाही.

याचं कारण आळस किंवा गोंगाट नव्हे. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोरबेली यांनी झोपेची दोन सूत्रांची मांडणी केली. एक झोपेची भूक, जागं राहू तेवढी साठत जाते आणि झोपलं की फिटते. दुसरं शरीराचं अंतर्गत घड्याळ, जे उजेडावर चालतं आणि दिवस वर आला की जागं करायला लागतं. रात्रपाळीनंतर भूक भरपूर असते म्हणून पडल्या पडल्या झोप लागते. ती निम्मी फिटेपर्यंत अंतर्गत घड्याळ 'दिवस झाला' म्हणून ढोसतं.

आता सॉफ्टवेअरची गंमत. घड्याळाच्या मूळ ॲपने पहाटे पाच ते दहाची झोप एकदा डुलकीत टाकली, एकदा आदल्या दिवसाच्या खात्यात, आणि स्कोअरच्या जागी आडवी रेघ. ॲप लिहिणाऱ्याने माणूस रात्रीच झोपतो असं धरलेलं आहे. दादाच्या नोंदीतही तेच. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात तो नऊला झोपतो, साडेबाराला मोटर चालू करून दारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, सरीत उतरतो, पाचला परत येऊन सातपर्यंत पडतो, दुपारी जेवून तासभर. ॲपने त्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला, बाकीचे सोडून दिले.

या डेटासाठी मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, म्हणून 'रात्र' ही गोष्टच ठेवलेली नाही. दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा असे चोवीस तास घ्यायचे आणि त्यात वीस मिनिटांहून मोठे जेवढे झोपेचे तुकडे असतील त्यांची बेरीज करायची. तुकडे किती, हा वेगळा रकाना. दोघांच्या पट्ट्या एकाखाली एक छापल्या तर माझी पाळी आणि फीडरची पाळी नुसत्या नजरेला दिसते. नावं झाकली तरी कोणता आठवडा कोणता, सांगता येईल.

४ डिसेंबर

पहाटेची पाळी. सगळ्यांना वाटतं रात्रपाळी वाईट. माझ्या आकड्यांत पहाटेची तिच्या बरोबरीला बसते.

तीनला उठायचं म्हणून साडेआठला आडवा होतो. घड्याळ म्हणतं पावणेनऊला झोप लागली. वहीत लिहिलंय : दहा वाजेपर्यंत टक्क जागा, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ऊसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं पाठ. (ट्रॅक्टरवाल्यांना हंगामात एकच आवाज माहीत असतो, पूर्ण.) मी हललो नाही म्हणून घड्याळाने ती सव्वा तासाची जाग झोपेत धरली. हा या उपकरणांचा ठाऊक असलेला दोष आहे. प्रयोगशाळेतल्या तारांशी तुलना केली की झोपेतली मिनिटं ती नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखतात. पण निपचित पडून जागं असलेला माणूस ओळखण्यात कमी पडतात. म्हणजे ज्याला झोप लागत नाही त्याच्याच बाबतीत ती जास्त चुकणार. म्हणून 'झोप लागली' ही वेळ मी वहीतून घेतो, 'उठलो' ही घड्याळातून. उठण्याची वेळ त्याला अचूक कळते.

आणि साडेआठला झोप का येत नाही? इस्रायलच्या पेरेट्झ लावी यांनी १९८६ मध्ये दाखवलं की नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास अंतर्गत घड्याळ जागेपणाकडे सगळ्यात जोरात ओढतं. झोपेला बंदी असलेला पट्टाच तो. आदल्या रात्रीची झोप तोडली तरी त्या वेळेत लवकर लागत नाही. माझ्या वहीत दर पहाटपाळीला हा पट्टा दिसतोय, साधारण आठ ते दहा. त्यामुळे साडेआठला पडून कूस बदलत राहणं सोडलं. साडेनऊपर्यंत दिवे मंद करून बसतो, मग झोपतो, आणि राहिलेली झोप दुपारी पाळी सुटल्यावर दीड तास. चोवीस तासांची बेरीज थोडी वाढलीच.

७ डिसेंबर

आईला पण हौस आली. तिच्या उजव्या मनगटावर गोंदण आहे. तिथे नाडीच्या रकान्यात नुसतं २५५. गोंदणाची शाई हिरवा प्रकाश गिळते. डाव्या हाताला बांधलं, लगेच वाचायला लागलं. आईचा निकाल : रात्री नऊ ते पहाटे पाच, रोज, पाच-दहा मिनिटांचा फरक. घरातली एकमेव शिस्तीची झोप. दोन दिवसांनी तिने ते काढून ठेवलं.

१० डिसेंबर

दादाची गोष्ट नीट लिहायला हवी.

दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात ॲप त्याला स्कोअर देतं तो ऐंशीच्या वर. गाढ झोप भरपूर, जाग जवळजवळ नाही. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. आणि हाच माणूस जेवताना पेंगतो, सोसायटीच्या सभेत खुर्चीत घोरतो, मागच्या आठवड्यात ट्रॅक्टर उभा करून स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. विचारलं तर म्हणतो, "मला काय धाड भरलीय? पाठ टेकली की मेल्यागत झोपतोय की."

वहिनींना स्कोअर दाखवला. त्या म्हणाल्या, "भावजी, ते घड्याळ हातावर असतंय. शेजारी मी असते. घोरता घोरता आवाज मधीच बंद पडतोय, मी मोजत बसते, मग हिसका देऊन पुन्हा सुरू. मला वाटतंय, एखाद्या दिवशी सुरूच नाही झालं तर?"

एपवर्थची प्रश्नावली भरून घेतली. ऑस्ट्रेलियाच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली. आठ प्रसंग, प्रत्येकात पेंग येण्याची शक्यता शून्य ते तीन, एकूण चोवीस. वाचताना, टीव्हीपुढे, सभेत बसल्यावर, गाडीत तासभर, असं. दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त समजतात. दादाचे पंधरा झाले, तेही वहिनी शेजारी बसून त्याची उत्तरं दुरुस्त करत होत्या म्हणून. एकट्याने भरली असती तर चारच्या पुढे गेला नसता. बाकीच्या खुणाही आहेत : बीपीची गोळी चालू, पन्नाशी ओलांडलेली, मान जाड, पोट सुटलेलं.

घड्याळाचा ऑक्सिजनचा रकाना बघितला. हे मॉडेल रात्रभर सलग मोजत नाही, मधूनच एखादा आकडा घेतं. त्यावरून काही ठरवता येणार नाही. मिरजेला दाखवायचं.

१४ डिसेंबर

चहाची नोंद. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्रपाळीत पहाटे अडीचचा चहा म्हणजे साडेसातला त्यातलं निम्मं अंगात. रात्रपाळीला चहा बाराच्या आत. पॅनमन मंडळींनी (कारखान्यात साखरेचा पाक शिजवणारे) हे ऐकून मला वेड्यात काढलं.

१८ डिसेंबर

बारा ते आठची पाळी, त्यामुळे सकाळी दादाला घेऊन मिरज. तो यायला तयार नव्हता. छाटणीनंतर द्राक्षबागेत दावण्या या बुरशीच्या रोगाची भीती, फवारणी चुकवायची नाही. वहिनींनी फवारणीला माणूस लावला आणि विषय संपवला.

डॉक्टरांनी माझे कागद उलटून बघितले. गाढ झोपेचा आणि स्कोअरचा आलेख बाजूला ठेवला. झोपायच्या-उठायच्या वेळांच्या पट्ट्यांवर मात्र थांबले. रात्रीच्या लाईटचा आठवडा वेगळा दाखवलाय हे बरं झालं म्हणाले, कारण नुसत्या तुटलेल्या झोपेनेही दिवसा पेंग येते. पण दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात सात-साडेसात तास पडूनही पेंग तशीच आहे, मग कारण दुसरं शोधायला हवं. मग त्यांनी वहिनींना प्रश्न विचारले, पाऊण वेळ त्यांच्याशीच बोलले.

घरी करायची तपासणी दिली : नाकाखाली श्वासाची नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. मेंदूच्या तारा यात नाहीत. दिवसाच्या लाईटचा आठवडा चालू असतानाच करा म्हणाले.

२३ डिसेंबर

अहवाल आला. तासाला बावीस वेळा श्वास थांबला किंवा तोकडा पडला. पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. दादा मध्यममध्ये. घशाचे स्नायू झोपेत ढिले पडून वाट बुजते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो, पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही.

मग त्याच रात्री घड्याळही हाताला होतं, त्याने काय लिहिलं? उत्तम झोप. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघितल्या. ती क्षणभराची जाग काही सेकंदांची असते आणि तिच्यात हात हलतोच असं नाही, त्यामुळे ॲक्सिलरोमीटर गप्प. नाडी मात्र प्रत्येक थांब्याला आधी मंदावते आणि मग उसळते. हा चढउतार १९८४ मध्येच नोंदवला गेलाय. पण आमच्या घड्याळाच्या साठ्यात मिनिटाला एकच आकडा. अर्ध्या मिनिटाचं थांबणं आणि उसळणं त्या एका आकड्यात सपाट होऊन जातं. स्क्रिप्ट कितीही सुधारली तरी जे साठवलंच नाही ते काढता येणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) काही महागड्या घड्याळांच्या अशा शोधाला परवानगी दिली आहे, पण तीही निदानाची नाही, 'तपासून घ्या' एवढं सांगण्याची.

दादाला सीपॅप सुचवलं आहे. नाकावर मुखवटा, यंत्रातून हवेचा हलका दाब, घशाची वाट उघडी. ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. दादाचा पहिला प्रश्न : "आणि रात्रीची लाईट आली तर मोटर चालू करायला हे तोंडाला लावून जाऊ?"

२ जानेवारी

हा भाग माझ्या पाळीचा, आणि मला यातच जास्त रस आहे.

आमचा क्रम असा : पहाटपाळी, मग रात्रपाळी, मग दुपारची. म्हणजे दर आठवड्याला पाळी आठ तास आधी सरकते. पाळी बदलण्याच्या रविवारची माझी चोवीस तासांची झोप वेगळी काढली. रात्रपाळीतून दुपारपाळीत जाताना चार तासांच्याही खाली. साहजिक आहे : पहाटे चारला सुटून त्याच दुपारी बाराला हजर. दुपारपाळीतून पहाटपाळीत जाताना तसंच, रात्री आठला सुटून पहाटे चारला परत.

शरीराचं अंतर्गत घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब आहे, सरासरी दहा-बारा मिनिटांनी. त्यामुळे त्याला पुढे ढकलणं सोपं, मागे ओढणं अवघड. १९८२ मध्ये चार्ल्स झायस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युटामधल्या एका खनिज कारखान्यात हे करून दाखवलं. तिथेही पाळ्या दर आठवड्याला मागे सरकत होत्या. त्या पुढे सरकवल्या आणि एका पाळीत जास्त दिवस ठेवलं, तर कामगारांची तब्येत, समाधान आणि उत्पादन, तिन्ही सुधारलं.

मग आमच्याकडे मागे सरकायची पद्धत का? कागदावर मांडून बघितलं. मागे सरकवताना तीन माणसांत रविवार पुरा बसतो, फक्त दोघांना आठ तासांची विश्रांती मिळते आणि एकाला बत्तीस तासांची. पुढे सरकवलं तर तिघांनाही चोवीस तास मिळतात, पण रविवारची पहाटपाळी रिकामी राहते. रात्रपाळीवाल्यानेच ती ओढायची तर त्याचे सलग सोळा तास होतात. म्हणजे पुढे सरकायला चौथा माणूस लागतो. जुनी पद्धत मूर्खपणातून आलेली नाही, एका हजेरीच्या बचतीतून आलेली आहे.

लॅबकडे हंगामात रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, असतोच. त्याने रविवारची पहाट घ्यावी, बदल्यात त्याची सुट्टी सोमवारी. लॅब इनचार्ज साहेबांपुढे तक्ता ठेवला. "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही.

१५ जानेवारी

कालची संक्रांत. तिळगुळाबरोबर साहेबांनी होकार दिला. फक्त लॅबपुरतं, या हंगामापुरतं. येत्या रविवारपासून.

दादाचं यंत्र आलं. सुरुवातीचे दिवस मुखवटा ओढून फेकणं, नाक कोरडं पडणं, कंटाळा. डॉक्टरांनी दमटपणा वाढवून दिला, तेव्हापासून टिकतोय.

३१ जानेवारी

पाळीचा निकाल, आतापर्यंतचा. बदलाच्या रविवारची झोप चारच्या खालून साडेसहाच्या आसपास गेली. आठवड्याच्या मधल्या दिवसांत फरक नाही. रात्रपाळीत सकाळचे पाच तास अजून पाचच आहेत. फायदा अंतर्गत घड्याळ सुखावल्याचा की निव्वळ आठऐवजी चोवीस तास मिळाल्याचा, हे माझ्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. आणि सगळ्यात जड पायरी अजून राहिलीच आहे, उद्याचीच ती : रात्रपाळी सुटल्यावर चोवीस तासांत पहाटपाळी. रिलिव्हर खूश आहे. त्याला सोमवारची सुट्टी मिळते, तासगावला सासुरवाडी आहे.

११ फेब्रुवारी

नाडीचा रकाना इतके दिवस पडून होता. झोपेतली सगळ्यात कमी नाडी रोज काढली तर ती एका अरुंद पट्ट्यात राहते. सर्दी-तापाच्या दिवशी वर. गावच्या जत्रेतून एक पॅनमन 'बसून' आला, त्याने कुतूहलाने घड्याळ बांधलं होतं. त्याची नाडी रात्रभर एवढी चढी की पहाटे कुठे खाली आली. दारूने झोप लवकर लागते, पण पहिल्या निम्म्या रात्रीत आरईएम कमी होतं आणि दुसऱ्या निम्म्यात झोप तुटते. त्याने आलेख बघितला आणि घड्याळ परत दिलं.

२४ फेब्रुवारी

लॅबमधल्या एका पोराने माझं बघून नवं घड्याळ घेतलं. आता रोज सकाळी गाढ झोपेची मिनिटं सांगतो आणि चेहरा पाडून बसतो. रात्री 'आज गाढ झोप वाढली पाहिजे' म्हणून जागाच. २०१७ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन करून या अवस्थेला ऑर्थोसोम्निया हे नावही दिलंय. त्याच्या मोबाइलवरून स्कोअरचा पडदा काढून टाकला. सांगितलं, तीन गोष्टी बघ : झोपायची वेळ, उठायची वेळ, आठवड्याची बेरीज. प्रौढ माणसाला सात तासांच्या खाली जायचं नाही, हा अमेरिकेतल्या झोपेच्या दोन वैद्यकीय संस्थांचा २०१५ चा एकत्र सल्ला आहे. गाढ झोपेचा आकडा बघायचा तर महिन्याने, तोही त्याच घड्याळाचा त्याच घड्याळाशी ताडून. दुसऱ्याच्या आकड्याशी तर मुळीच नाही.

पोराला पटलं की नाही, माहीत नाही. घड्याळ विकायला काढलंय म्हणतो.

१२ मार्च

ऊस सरत आलाय, दोन-तीन दिवसांत बॉयलर विझेल. रजिस्टरं बंद करायच्या आधी ही वही बंद.

दादाची प्रश्नावली पुन्हा भरली, वहिनींच्या देखरेखीखाली : सात. स्टिअरिंगवर झोपणं थांबलंय. घड्याळाचा स्कोअर मात्र पहिल्यापेक्षा खाली आला आहे, कारण मुखवटा सारखा करायला तो रात्रीतून हात हलवतो. हे वाचून वहिनी जेवढ्या हसल्या तेवढ्या संक्रांतीपासून हसल्या नव्हत्या.

रात्रीच्या लाईटचा प्रश्न निम्मा सुटला. मोटरला मोबाइल स्टार्टर बसवला, चालू-बंद घरातून होते. निम्म्या उसाला ठिबक आहे, तिथे व्हॉल्व्ह झोपायच्या आधी फिरवून ठेवता येतो. उरलेल्या पाटपाण्याला उतरावंच लागतं, आणि उसात बिबट्याच्या खुणा दिसल्यापासून एकट्याने उतरायचं नाही असं ठरलंय, म्हणजे आता दोघांची झोप मोडते. दिवसा वीज देणारी सौर वाहिनी आमच्या फीडरला कधी जोडतात त्यावर पुढचं अवलंबून.

पुढच्या हंगामासाठी स्क्रिप्टमधली कामं : बदलाचा दिवस आपोआप ओळखणं; फीडरचं वेळापत्रक वेगळ्या फाइलमधून वाचणं; अवस्थांचा रकाना काढून टाकणं. आणि सीपॅपच्या यंत्रात एक मेमरी कार्ड आहे, त्यात वापराचे तास, हवेची गळती आणि राहिलेले श्वासाचे थांबे रोजच्या रोज साठतात. ऑस्कर नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ते उघडतं. कार्ड दादाकडून मागून घेतलंय. आज दुपारची झोप झाली की लावतो.